स्क्रीनवर वरद, कागदावर सार्थक

अरे थांब, चहा नंतर, आधी ऐक! आत्ता साईनाथचा फोन ठेवला. आपला खडकीचा साईनाथ रे, त्याच्या बहिणीचं, अपेक्षाचं लग्न ठरलंय ना, वरदशी... आणि त्यांच्या प्रिंटरमधून कोण बाहेर येतंय माहितीये? सार्थक!

सार्थक म्हणजे आधीचा नवरा मुलगा. मागच्या वर्षी ठरलेलं, पत्रिकेचं डिझाइनसुद्धा झालेलं, आणि साखरपुड्यात त्याच्या मामांना फेटा बांधायचा राहिला. बास! मामा उठले, मामी उठल्या, मागोमाग अख्खी रांग उठली, लग्न मोडलं. फेट्यावरून! अपेक्षा कितीतरी दिवस धड जेवत नव्हती, आणि घरात सगळे म्हणायचे, होईल ठीक.

आता नवं स्थळ, नवे मामा, पण पत्रिका? साईनाथ म्हणतो, "डिझाइन आहे की, नाव तर बदलायचंय!" पुणेकर ना शेवटी! पीडीएफ उघडली, जिथं जिथं सार्थकचं काही होतं तिथं पांढरा चौकोन टाकला, त्यावर वरदचं टाइप केलं. झाली नवी पत्रिका.

तर आज वरदची आई आणि मामा आलेत, हॉलमध्ये पोहे खातायत, पहिली पत्रिका सगळ्यांसमोर देवापुढे ठेवायची. साईनाथ आतल्या खोलीत जाऊन प्रिंट दाबतो, प्रिंटर घरघरतो, कागद हळूहळू बाहेर येतो... चि. सार्थक! त्यानं डोळे चोळले. स्क्रीनवर वरद, कागदावर सार्थक! प्रिंटर बंद केला, चालू केला, वायर काढली, प्रिंटरचं सॉफ्टवेअर उडवलं, परत टाकलं, दाबलं प्रिंट... स्क्रीनवर वरद, कागदावर सार्थक! तुला सांगतो, पंखा बंद होता आणि तरी तो कागद ट्रेमध्ये हलत होता म्हणे.

तेवढ्यात साईनाथची आई आत. कागद बघून मटकन खालीच बसली. "अरे, तो मुलगा... जिवंत आहे ना रे?"

"आई, काहीही काय!"

"मग असा का येतोय?"

आणि गेली ती स्वयंपाकघरात, मूठभर मीठ-मोहरी आणली, प्रिंटरवरून उतरवली! बाहेरून मामांचा आवाज, "काय साईनाथराव, पत्रिका छापताय का कागद तयार करताय?"

आता घाम फुटला ना! मग त्याला स्क्रीनवरच्या प्रिंटरांच्या यादीत दिसला 'प्रिंट टू पीडीएफ'. तो खरा प्रिंटर नसतोच रे, नावाचाच, कागद नाही, शाई नाही, छापल्यासारखं करतो आणि नवी फाइल काढून देतो. साईनाथ म्हणाला, चला, नवी फाइल म्हणजे नवं सगळं, स्वच्छ! केली, उघडली... आणि स्क्रीनवरच सार्थक! इतका वेळ निदान कागदावर येत होता, आता आतच शिरला की!

शेवटी त्यानं ऑफिसातल्या मिसबाला फोन लावला, स्पीकरवर. ती हसायलाच लागली. "अरे वेड्या, तू जे पांढरं लावलंयस ना, ते सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं पत्रिका नाहीच, ती वर चिकटवलेली कमेंट आहे. खरी पत्रिका खाली जशीच्या तशी आहे. प्रिंट करताना तिथं 'डॉक्युमेंट' असेल बघ, ते 'डॉक्युमेंट अँड मार्कअप्स' कर. मग वरचं चिकटवलेलंही छापेल."

"म्हणजे सार्थक गेला?"

"जातोय कुठं? फक्त दिसणार नाही."

जीव भांड्यात पडला रे त्याचा! पर्याय बदलला, बोट प्रिंटवर... आणि सहज मागे बघितलं तर दारात अपेक्षा. साडी नेसून, गजरा माळून. कधीपासून उभी होती देव जाणे. सगळं ऐकलेलं. आत आली, ट्रेमधला तो सार्थकचा कागद उचलला, अजून कोमट होता म्हणे, आणि पहिल्या ओळीपासून वाचत बसली, जशी काय तिलाच निमंत्रण आलंय. मग हळूच म्हणाली, "दादा, प्रिंट करायच्या आधी मला एकदा विचार ना."

एवढंच! बाहेर पोहे संपलेले, चहा झालेला, मामा हाका मारतायत, आई देवापुढे निरांजन लावून बसलीये, आणि साईनाथचं बोट हवेत. काय केलं असेल त्यानं? बाहेर गेला आणि म्हणाला, "मामा, शाई संपली."

संपली कुठली? भरलेली आहे! आणि मामांनी काय म्हणावं? "अहो, त्यात काय एवढं, मी आणतो!" चप्पल घातली, स्कूटर काढली, निघालेसुद्धा! ते आधीचे मामा फेट्यावरून लग्न मोडून गेले, आणि हे... एवढे चांगले मामा नेमके आत्ताच मिळायचे होते का रे?

आता साईनाथ खिडकीत उभा राहून स्कूटरचा आवाज ऐकतोय आणि मला विचारतोय, "विचारू का तिला? आणि ती नको म्हणाली तर?" मी काय सांगणार, कपाळ? म्हटलं, थांब, मित्राला विचारतो... बोल ना, तू काय केलं असतंस?