तिसरी बशी

— आणि उठताय कशाला लगेच? बसा की, डॉक्टर टॅलबट. बाक नगरपालिकेचं आहे, दोघांना पुरेल. टॉफीला असू द्या माझ्या मांडीवर, सवय झालीय तिला माझी. अहो, तुम्ही तिकडे बंधाऱ्याजवळ फोनवर बोलत असता ना संध्याकाळी, तेव्हा मीच देते तिला आल्याचं बिस्किट. म्हातारीला नीट दिसत नाही, वासावर येते बिचारी. पट्टा सोडून ठेवता तुम्ही तिचा, ते बरं नाही हो. पाणी बघा किती चढलंय. वर डोंगरात पाऊस झाला की इथे नदी लगेच अशी तपकिरी होते. काल संध्याकाळी एक एवढा मोठा ओंडका आला वाहत — बंधाऱ्यावरून खाली गेला आणि परत वर आलाच नाही, मी वाट बघत होते. तिथे एवढ्याशा कुत्रीचं काय? सांगून ठेवलेलं बरं, म्हणून सांगते. चहा घ्या. थर्मासमधला आहे, पण गरम आहे.

ओळखलं नाहीत? ह्यूची आई. ह्यू प्रोबर्ट — तुमच्याच हाताखाली मधाचा प्रयोग करत होता तो, उंच, खांदे पाडून चालणारा. मधाने जखमेतले जंतू मरतात का, वर्षभर तेच खूळ, घरात जिकडे तिकडे मधाच्या बरण्या, दाराच्या कड्यासुद्धा चिकट. हां, आता आठवलं, चेहऱ्यावरून कळलं मला. काय म्हणता, मंगळवारी परीक्षा मंडळ बसायच्या आधी घरच्यांशी बोलायचं नसतं? ठाऊक आहे की. मी कुठे तुमच्याशी बोलतेय, मी टॉफीशी बोलतेय. तुम्ही आपला चहा प्या.

तर टॉफीबाई, डॉक्टर व्हायचं म्हणजे काय गंमत आहे का? आमच्या ह्यूचं शाळेत रसायन घसरलं, एकाच पायरीने घसरलं — सरळ वाट तिथेच बंद. मग म्हणाले, आधी पदवी घे, पदवीधरांसाठी वेगळं दार आहे, चार वर्षांचं. आहे ना दार, पण त्याला कुलपं किती! शाळेतलं रसायन लागतंच, पदवी असली तरी लागतं — त्याने पुन्हा बसून काढलं, पोरसवदा मुलांच्या शेजारी बसून. प्रवेश परीक्षा — अख्खा दिवस चालते, परत आला तेव्हा त्याला स्वतःचं नाव सुचत नव्हतं — ती काढली. माणसांची सेवा केल्याचा अनुभव हवा — शनिवार-रविवार वृद्धाश्रमात जातो, म्हाताऱ्यांना भरवतो, पुसतो, त्यांच्या शिव्या खातो आणि घरी येऊन हसत सांगतो. मुलाखतीत एका नटाला रडणारा पेशंट करून बसवलेलं, बाकीची मुलं पाठ केलेलं घडाघडा बोलून गेली, आणि हा वेडा त्याच्या शेजारी नुसता गप्प बसला — सगळ्यात जास्त गुण तिथेच मिळाले म्हणे. जागा मिळाली, डॉक्टर. मिळाली! आता अट एकच उरली, पदवी टू-वन हवी, म्हणजे वरचा दुसरा वर्ग. साठाला टू-वन, साठाच्या खाली आलात की टू-टू, आणि टू-टूवाल्याचं तोंडही बघत नाहीत ते. आणि सगळी बेरीज करून आमचं पोरगं थांबलं कुठे? एकोणसाठावर. हातातोंडाशी आलेला घास, आणि मध्ये तुम्ही.

तुम्हीच ना, मग कोण? काठावरच्या मुलाला मंडळ वर ओढून घेतं, पण त्याचा प्रबंध साठाच्या वर असला तरच. आणि प्रबंधाला तुम्ही दिलेत अठ्ठावन्न. दुसऱ्या परीक्षकाशी बोलून मंगळवारपर्यंत ते बदलता येतात — येतात, मान नका हलवू, मी चौकशी केल्याशिवाय इथे बसलेली नाही. अहो, दोन गुण! दोन गुणांनी तुमचं काय जाणार आहे? त्याचं मात्र आयुष्य जातंय.

मिसेस टॅलबटांची पाठ कशी आहे हो आता? एवढं दचकताय काय, मी इस्पितळात सेक्रेटरी आहे ना, हाडांच्या डॉक्टरांकडे. सगळी पत्रं माझ्याच हातून जातात. ‘या अतिशय सुस्वभावी बाईंना आमच्याकडे पाठवल्याबद्दल आभार’ — सगळ्यांच्याच पत्राची सुरुवात तशी असते, खडूस माणूससुद्धा पत्रात सुस्वभावी होतो, पण तुमच्या मिसेस खरंच आहेत हो. मागच्या वेळी मला मफलरचा नमुना दाखवत बसल्या होत्या. ऑपरेशन सप्टेंबरात ना? होईल. तारखा काय, पुढे-मागे होत असतात — एखादा कागद खालच्या ट्रेमध्ये राहून जातो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि वेदना ज्याच्या त्याला. मी नाही हो तसं करणार! मी फक्त म्हणतेय की लक्ष ठेवणारं माणूस असलं की बरं असतं. तसंच ह्यूच्या बाबतीत तुम्ही लक्ष ठेवावं. एवढंच. घ्या ना वेल्श केक, सकाळीच केलेत.

कसा आहे विचारताय? बरा आहे. म्हणजे जेवत नाही. म्हणजे ताटावर बसतो, पण बोट फिरवत बसतो कडेने. तुमचा अभिप्राय आला ना, तो वाचल्यापासून. एकदा वाचला, दोनदा वाचला, मग मला हाक मारली, ‘आई, हे माझ्याबद्दल नाही लिहिलेलं.’ मी म्हटलं, नाव तुझंच आहे. तर म्हणतो, ‘पण मी असं लिहिलंच नव्हतं.’ — ते जाऊ द्या. मुलं थकली की काय वाटेल ते बोलतात. पण काय हो लिहिलंत तुम्ही? मला पाठ झालंय. ‘प्रयोग प्रामाणिक आहे, पण शेवटचं प्रकरण प्रयोगशाळेत कधी उभ्या न राहिलेल्या माणसाने लिहिल्यासारखं वाटतं.’ शोभतं का हे? ‘वाक्यं गुळगुळीत, आत काही नाही.’ आत काही नाही? आणि वर — ‘भाषा इस्पितळातून येणाऱ्या पत्रासारखी आहे.’ अहो, असणारच! इस्पितळातल्या पत्रासारखीच असणार, जन्मभर दुसरं काय लिहिलंय मी —

टाइप. टाइप केलंय म्हणायचं होतं मला. त्याने सांगितलं, मी टाइप केलं. आया करतात की हो एवढं. तुमच्या आईने केलं नसतं? असे बघू नका माझ्याकडे. कप खाली का ठेवलात?

अहो, नुसतं स्पेलिंग बघायला दिलं होतं त्याने. दुपारपर्यंत संगणकावरून पाठवायचं होतं आणि त्याची वृद्धाश्रमात पाळी — कुणीतरी आलं नव्हतं, हा नाही म्हणेल तर शपथ. मला म्हणाला, ‘आई, स्पेलिंग बघ आणि पाठवून दे.’ पासवर्ड फ्रीजवर चिकटवून गेला. मी वाचायला बसले. असं लिहितात का प्रबंधात? घरी गप्पा मारतो तसं लिहिलेलं! ‘मला वाटलं होतं की’, ‘इथे मी चुकलो’, ‘आधी माझ्या लक्षात आलं नाही’. चुकलो! अहो, परीक्षकाच्या हातात आपणहून कोणी काठी देतं का? आमच्याकडे चूक कधी पत्रात येत नाही. मोठे डॉक्टर म्हणतात, ‘मॉरीन, ती ओळ वगळा,’ मी वगळते. काय झालं, कुणाच्या हातून झालं, ते त्यांना ठाऊक, मला ठाऊक — पत्र स्वच्छ. मी तसंच स्वच्छ केलं. शेवटचं प्रकरण सगळं नीट बसवलं, एकसारखं, वजनदार. मला सांगा, ते वाईट होतं का? खरं सांगा. ‘प्रस्तुत निष्कर्षांवरून असे नमूद करणे उचित ठरेल’ — हे वाईट आहे?

कुठली बशी? हां, तिसरी, जंतू वाढवायची ती काचेची. तेही लिहिलंत तुम्ही, ‘तिसऱ्या बशीत जंतू का वाढले याबद्दल अवाक्षर नाही, विद्यार्थ्याने गैरसोयीचा आकडा झाकून ठेवलेला दिसतो.’ झाकून ठेवायला तो काय चोर आहे? लिहिलं होतं त्याने! चांगलं पानभर लिहिलं होतं. त्या सकाळी गारठा होता, मध बरणीत घट्ट बसलेला, निघेना, म्हणून यानं तो विस्तवावर — काय ते तुमचं, बर्नर — त्याच्यावर तापवला, जास्तच तापवला, आणि त्या बशीत जंतू माजले. पुढे लिहिलेलं, ही चूक माझी, पण त्यामुळेच मला कळलं की मधात जे काही जंतूंना मारतं ते उष्णतेने मरतं, म्हणजे नुसती साखर नाही ती, दुसरं काहीतरी आहे, जिवंत असल्यासारखं, आणि मग पुढच्या सगळ्या बश्या त्याने मुद्दाम वेगवेगळा तापवलेला मध घालून — ते सगळं मी काढलं. चुकीवरून सुरू होत होतं ना. आकडे राहू दिले, कारण तक्त्यात होते.

डोळे का मिटलेत?

डॉक्टर. ते पान असतं तर — किती दिले असते तुम्ही? नको. नका सांगू. तुमचं तोंड सांगतंय. साठाच्या वर ना? पुष्कळ वर. नका सांगू म्हटलं ना मी!

त्याने विचारलं हो मला. अभिप्राय हातात घेऊन आला, ‘आई, तिसऱ्या बशीचं मी लिहिलं होतं ना? तू वाचलंस ना?’ मी भाजी चिरत होते. म्हटलं, नाही रे बाळा, मला तरी नाही आठवत, तू किती थकला होतास तेव्हा, मनातल्या मनात लिहिलं असशील. मागे वळून बघितलंही नाही मी. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मग त्याची जुनी प्रत शोधायला लागला, पण संगणकावर मी तिच्यावरच लिहिलं होतं, दुसरी नव्हतीच. आता विचारत नाही. आता म्हणतो, ‘आई, मला वाटतं माझं डोकं ठिकाणावर नाही. जे मला लख्ख आठवतं ते घडलेलंच नाही. असल्या माणसाने कुणाला औषध लिहून द्यायचं?’ आणि मी त्याला म्हणते, होईल सगळं ठीक, सूप घे.

तुमच्या मागावर येते वाटलं का तुम्हाला? छे हो. तुमच्या मागे कशाला येऊ? तुम्ही आणि टॉफी मला इथे भेटलात एवढंच. मी त्याच्या मागे येते. रोज याच वेळी त्या पुलावर येतो, मधल्या कमानीवर, कठड्याला कोपरं टेकून उभा राहतो आणि पाण्याकडे बघतो. अंधार पडायला लागेपर्यंत. मी इथे बसते, इथून दिसतो तो. तो ओंडका मी एकटीने नाही बघितला काल, त्यानेही बघितला. मान वळवून बघत होता, कुठे वर येतो का.

नका जाऊ. जाऊ नका, ऐका, तुम्ही मंडळाला काय सांगणार? प्रबंध मुलाचा नाही म्हणून सांगणार? मग टू-वन नाही आणि टू-टूही नाही, मग लबाड म्हणून नाव लागेल आणि ते दार कायमचं बंद. पण त्याने काही केलंच नाही हो, त्याला ठाऊकच नाही! आणि नाही सांगितलंत, गप्प राहून दोन गुण दिलेत, तर — तर तो डॉक्टर होईल आणि जन्मभर समजत राहील की आपलं डोकं — असा पट्टा ओढू नका, देते, देते ना. घ्या तुमची कुत्री. मी तिला काही करणार नव्हते. तुमच्या मिसेसचा कागदही वरच आहे, सगळ्यात वर ठेवलाय, देवाशप्पथ. मी आपलं बोलले. मला बोलता येतं फक्त.

थांबा. पुलावर कोण आलं ते? मला या उजेडात — तोच आहे. खांदे बघा ना. आज उशीर केलान. नाही, हात नका करू! त्याने बघितलंय आपल्याला. तुम्हाला ओळखलंय त्याने, बघा, कठड्यापासून सरला, खाली यायला लागला पायऱ्यांनी. तो तुम्हाला विचारणार, डॉक्टर, तिसऱ्या बशीचं. मला नाही विचारणार, तुम्हाला विचारणार. सर, मी लिहिलं होतं का, एवढंच विचारील तो.

तुम्ही जा. त्या बाजूने जा, झाडांतून, टॉफीला उचलून घ्या, तिला दिसत नाही. जा म्हटलं ना! चहा राहू दे. मी — मी बोलते त्याच्याशी.