एकोणसाठावी ओळ

आजच्या सभेचे अध्यक्ष श्री. जयंतराव टिपणीस, व्यासपीठावरील मंडळाचे पदाधिकारी, दिल्लीतल्या आमच्या मका संशोधन केंद्रातून रविवारची झोप मोडून नोएडापर्यंत आलेले माझे सहकारी, सत्कारमूर्ती डॉ. राजाभाऊ निमकर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या कुमुदवहिनी, आणि बंधुभगिनींनो,

मी अलकनंदा पाठारे. मंडळातली मुलं मला किडेवाली मावशी म्हणतात, आणि ते खरं आहे. पंचवीस वर्षं मी खोडकिडा पाळते आहे. मक्याच्या झाडात किडीला तोंड देण्याची ताकद आहे की नाही हे पाहायचं तर कीड हाताशी हवी, वेळेवर हवी आणि तीही धडधाकट. म्हणून हरभऱ्याच्या पिठाचं खाद्य करून तिला वाढवायचं, आणि नुकत्याच निघालेल्या अळ्या मऊ कुंचल्याने प्रत्येक रोपाच्या पोंग्यात सोडायच्या. पोंगा म्हणजे मधली कोवळी पानांची सुरळी. हिंदीत पोंगा म्हणजे मूर्ख. आमच्या शेतावरचे मजूर त्यामुळे माझ्या बोलण्यावर वर्षभर हसत होते, आणि मला वाटायचं, किती आनंदी माणसं आहेत ही!

मी अळ्या सोडायची आणि राजाभाऊ रोपं पाहायचे. पेरणीनंतर पाच आठवड्यांनी ते ओळीओळीतून चालत. पानांवर गोळ्या झाडल्यासारखी भोकं, मधला पोंगा वाळलेला, असं शेकडो रोपांत दिसे. मग एखाद्या ओळीशी ते थांबत. पान उलटं करून बघत, खोडाला बोट लावत. कधीकधी इतका वेळ थांबत की मी विचारायची, "काही सापडलं का?" तर म्हणत, "गप्प बसा हो अलकनंदाबाई, बोलतेय ती." त्यांच्या नजरेबद्दल आमच्याकडे दुमत नव्हतं. यंत्राला जे दिसत नाही ते निमकरांना दिसतं, असं वरिष्ठ म्हणत.

दुपारी आम्ही बांधावर डबे उघडायचो. कुमुदवहिनी, तुमच्या डब्यातली निम्मी कोथिंबीरवडी मी खाल्ली आहे, हे आज जाहीर करते. राजाभाऊ मला टोमणे मारत, "कॉन्व्हेंटात वडी शिकवत नव्हते काय?" शिकवत नव्हते. वांद्र्याच्या आमच्या शाळेत मराठी आठवड्यातून तीन तास, आणि आकडे तर इंग्रजीतच. आजही मी भाजीवाल्याशी फिफ्टी, सिक्स्टी करते. राजाभाऊंचा मात्र आग्रह, की आपण दोघं मराठी आहोत तर शेतात आकडेही मराठीतच.

जयंतरावांनी घड्याळ पाहिलं. मला दहा मिनिटं दिली आहेत, त्यांतली तीन संपली. पण पुढची गोष्ट मी मध्येच सोडली तर पुन्हा कधी सांगणार नाही, म्हणून थोडं सांभाळून घ्या.

त्र्याण्णवचा पावसाळा. तेव्हा काय दिवस होते आठवतं ना? गुडगावच्या मोहरीच्या शेतांतून रस्ते आखले जात होते, इथे नोएडात सेक्टरांना नवे नंबर पडत होते. खाजगी बियाणं कंपन्या आल्या आणि आमच्याकडची हुशार माणसं एकेक करून तिकडे गेली. राजाभाऊंनाही बोलावणं होतं. ते गेले नाहीत. का, ते मला ठाऊक आहे. त्या पावसाळ्यात त्यांना एक ओळ सापडली होती. शंभर ओळींत एकच अशी, की अळ्या सोडूनही पानं जवळजवळ शाबूत. ते त्या दिवशी दोनदा त्या ओळीशी जाऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांना बैठकीसाठी आणि पुढे दोन महिन्यांच्या कामासाठी हैदराबादला जायचं होतं. जाण्याआधी बांधावरून त्यांनी राखायच्या ओळी मला सांगितल्या, मी वहीत लिहिल्या. बारा. चौतीस. एकोणसाठ. ब्याऐंशी. "एकोणसाठ जपा," म्हणाले, "ती माझी आहे."

मी जपली. त्या ओळीची पानं मला फारशी वेगळी दिसली नाहीत, पण नजर त्यांची, माझी नाही. ते नसताना त्या ओळीच्या कणसांवर पिशव्या चढवल्या, त्याच झाडांचे परागकण त्यांना दिले, बाहेरचं काही लागू दिलं नाही, आणि ते परतण्याआधी कणसं खुडून ठेवली. पुढच्या वर्षी ते बी पेरलं. बी पेरलं की जुने क्रमांक जातात, नवे येतात. राजाभाऊंनी मोठ्या विश्वासाने बाहेरगावचे शास्त्रज्ञ बोलावले. सगळे शेतात उभे राहिले, आणि समोर चाळणी झालेली पानं. एकही पोंगा धड नाही. कोणी वाईट बोललं नाही. एकजण फक्त म्हणाला, "होता है निमकर साहब, नज़र है, धोखा खा जाती है." त्यानंतर त्या कामाचं शेत निम्मं झालं. फवारणीची औषधं सहज मिळू लागली होती, झाडाच्या अंगच्या ताकदीसाठी दहा वर्षं थांबायला कोणाला सवड होती?

त्या संध्याकाळी राजाभाऊ मला म्हणाले, "माझी नजर गेली."

मी म्हटलं, "चष्मा बदला."

"चष्म्याची नाही म्हणत मी."

तेव्हापासून ते शेतात आले नाहीत. केंद्रात यायचे, टेबलाशी बसायचे, इतरांचे अहवाल तपासायचे. नऊ वर्षं. मी ओळीत उभी राहून आकडा स्वतःच म्हणायची आणि स्वतःच लिहायची. डबा मी प्रयोगशाळेत, किड्यांच्या बरण्यांशेजारी खायला लागले. तसं काही अडत नव्हतं. पण कधीकधी चार-चार दिवस मराठीतलं एक वाक्य तोंडातून निघत नसे, आणि मग फोनवर बहिणीशी बोलताना शब्द आठवेनात.

म्हणूनच मी या मंडळात येऊ लागले. इथे वीणाताई रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग घेतात. मी मागे बसून खाऊच्या बशा भरायची. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. वीणाताईंनी आपल्या पूर्वीला फळ्यापाशी बोलावलं. "पूर्वी, एकोणसाठ लिही." पूर्वीने सिक्स्टी-नाइन लिहिलं. माझ्या मते बरोबरच लिहिलं होतं. वीणाताई म्हणाल्या, "अगं राणी, एकोण म्हणजे एक उणा! साठाला एक कमी!" सगळी मुलं हसली. वीणाताई, तुम्ही मला विचारलंत, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, ऊन लागलं असेल. डिसेंबरात!

मी घरी गेले नाही. तडक केंद्रात गेले आणि जुनी वही काढली. बारा, चौतीस, मग माझ्या सुवाच्य कॉन्व्हेंटी अक्षरात सिक्स्टी-नाइन.

राजाभाऊ, तुमची नजर गेली नव्हती. तुम्ही एकोणसाठ म्हणालात, मी एकोणसत्तरावी ओळ जपली. तुमची ओळ तशीच उघडी राहिली, वाळली, आणि मजुरांनी ती गुरांना घातली.

कुमुदवहिनी, त्यांचा हात धरलात, बरं केलंत.

तुम्ही सगळे विचाराल, मग तेव्हाच का नाही सांगितलं? प्रत्येक ओळीचं निम्मं बी पेरतात आणि निम्मं शीतगृहात ठेवतात. एकोणसाठचं पाकीट मला सापडलं. त्यात चाळीस दाणे होते, जुने. मी म्हटलं, आधी उगवतात का ते पाहू. अकरा उगवले. मग म्हटलं, किडीपुढे टिकतात का पाहू. टिकले. मग म्हटलं, आणखी एक वर्ष खात्री करू. अशी पाच वर्षं, शेताच्या कडेला, कुंपणाजवळच्या एका तुकड्यात. संशोधकाला खात्री करायचं निमित्त कधी कमी पडत नाही. पण खरं कारण ते नव्हतं. रोज अकरा वाजता तुम्ही टेबलावरून मान वर करून विचारायचा, "काय अलकनंदाबाई, कसे आहेत तुमचे किडे?" दिवसभरात माझ्याशी कोणी मराठीत बोललेलं तेवढं एकच वाक्य असायचं. सांगितलं तर तेही जाईल, असं वाटलं. एका वाक्यासाठी मी तुमची पाच वर्षं ठेवून घेतली.

एकांतात सांगायचा प्रयत्न मी चारदा केला. एकदा तर तुमच्या घरी आले होते. तुम्ही तुमच्या लेकीचं, सुखदाचं बाळ माझ्या मांडीवर ठेवलंत, आणि मी बाळाचं कौतुक करून परतले. आज चारचौघांत सांगते आहे, कारण तुमच्या नजरेवर शंका आली तीही चारचौघांतच. केंद्रातले जे त्या दिवशी शेतात उभे होते, त्यांतले तिघं इथे चौथ्या रांगेत आहेत. त्यांनीही ऐकावं.

सत्काराच्या भाषणात सत्कारमूर्तींच्या गुणांची यादी द्यायची असते, ते राहून गेलं. मंडळाने मला बोलायची संधी दिली, वीणाताईंनी मला आकडे शिकवले, कुमुदवहिनींनी मला जेवू घातलं, त्या सर्वांची मी ऋणी आहे. त्या ओळीच्या नोंदणीचा अर्ज मी भरला आहे. निवड करणाऱ्याच्या जागी नाव राजाभाऊंचं आहे. सही त्यांची हवी.

निवृत्त होऊन राजाभाऊ बुधवारी गोवा एक्सप्रेसने कायमचे पुण्याला, लेकीकडे निघताहेत. जुलैत पेरलेल्या त्या रोपांना उद्या सोमवारी पाच आठवडे होतात. अळ्या मी सोडल्या आहेत, जास्तच सोडल्या आहेत. सकाळी साडेसहाला गाडी त्यांच्या दाराशी येईल.

माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर सभेने मला उदार मनाने माफ करावं. राजाभाऊंनी मात्र एवढ्यात करू नये. त्यांनी आधी शेतात यावं, पान उलटं करून बघावं, हवा तेवढा वेळ थांबावं, आणि मग काय ते ठरवावं.