बटणाएवढी निळी जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या विमानाच्या नाकाचे एकमेव शिल्पकार आदरणीय मास्तर, व्यासपीठावर अवघडून बसलेले आपले उत्सवमूर्ती वायरमनकाका, त्यांना कायमचं आपल्या गावी न्यायला आलेली त्यांची लेक, शेडमधले माझे सर्व सहकारी, आणि पहिल्या रांगेत बसून मी किती वेळ बोलणार हे घड्याळात बघणाऱ्या आपल्या वैमानिक, अर्थात माझ्या सौभाग्यवती...

मला पाच मिनिटं दिली आहेत. काकांची बस साडेपाचला आहे, आणि बस चुकली तर काका आणखी दोन वर्षं इथेच राहतील या आशेने मी जरा लांबवणार आहे. अध्यक्षांनी घंटी वाजवू नये.

मी गाड्या रंगवणारा माणूस. विमानातलं मला काय कळतं, असा प्रश्न काकांनी मला पहिल्याच दिवशी विचारला होता. बारा वर्षांपूर्वी आपण सात-आठ जणांनी या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी विमान बांधायला घेतलं तेव्हाची गोष्ट. मी म्हणालो, "रंग कळतो." काका म्हणाले, "मग शेवटी ये." तरी मी पहिल्यापासून येत राहिलो, कारण वैमानिक माझ्या घरात होती आणि चहा इथे मिळत होता.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आपल्या विमानाचं इंजिन एका जुन्या मोटारीतून काढलेलं आहे, रोटरी जातीचं. त्यात पिस्टन खालीवर होत नाहीत, एक तिकोनी रोटर गरागरा फिरत असतो. आकाराने लहान, अंगात ताकद भरपूर, पण स्वभावाने तापट. त्याला थंड ठेवणं हे मास्तरांचं खातं. मास्तर आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाले, आणि शाळेत जे जे सांगितलं ते खरं आहे का, हे त्यांनी आमच्या विमानावर तपासून घेतलं. रेडिएटरला वारा कमी पडतोय म्हणून त्यांनी नाकाखालचं तोंड मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. शेवटी त्यातून बादली आत जायला लागली. सर्दी झालेल्या माणसासारखं विमान दिसतं, असं ही म्हणाली होती, मी नाही. मास्तर, आपण माझ्याकडे बघू नका.

आणि वीज हे काकांचं खातं. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं वायरी ओढून आलेला माणूस. काकांचं एकच म्हणणं. वीज जाते ती वाट सगळे निगुतीने करतात, पण तिला बॅटरीकडे परत यायला वाट लागते, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. आपलं इंजिन रबरावर बसवलेलं आहे. म्हणून इंजिनातून सांगाड्याकडे तांब्याची एक जाड विणलेली पट्टी येते. परतीची वाट ती, तिलाच आपण अर्थिंग म्हणतो. पट्टी जिथे सांगाड्याला बोल्टने आवळायची, तिथला रंग काकांनी खरवडून काढला. कोटाच्या बटणाएवढी जागा, आरशासारखी लख्ख. चार दिवस ते तिच्याचकडे बघत होते. काकूंचा फोटोसुद्धा काकांनी इतका पुसला नसेल. काका, हसलात! नोंद घ्या कोणीतरी.

आता पहिल्या उड्डाणाच्या सकाळकडे येतो. खरं म्हणजे तिकडे यायला मी दोन वर्षं टाळतोय.

सकाळी नऊची वेळ ठरली होती. स्टार्टर दाबला तेव्हा तो जरा कण्हला. काकांनी भुवई वर केली. मी म्हणालो, "काका, सकाळचा गारवा आहे हो." काकांनी मान डोलावली, कारण जोडणी त्यांची स्वतःची होती आणि त्यांचा स्वतःच्या हातावर विश्वास होता. इंजिन चालू झालं, विमान वर गेलं, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणतात धूळ गेली.

वर गेल्यावर हिने इंधनाचा दुसरा पंप लावला, दिवा लावला, आणि तापमानाचा काटा एकदम लाल पट्ट्यात. इंजिन तापलं की रोटरीत काय होतं हे मास्तरांनी हिला वहीत आकृती काढून समजावलं होतं. हिने इंजिन मंद केलं आणि धावपट्टीच्या पुढच्या उंच गवतात विमान उतरवलं. पुढचं चाक मोडलं, पंख्याची दोन्ही पाती तुटली. मी धावत गेलो. ती बाहेर उभी होती, हेल्मेट हातात, आणि मला म्हणाली, "अहो, धावू नका, तुम्हाला दम लागतो." 

त्यानंतर पाच आठवडे आपण इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या मागे लागलो. मास्तरांनी नाक आणखी मोठं केलं. एकटे काका म्हणत राहिले, "पाणी हळूहळू तापतं. चुलीवर ठेवून बघा. काटा उडी मारतो तेव्हा पाणी नसतं, वायर असते." पण स्वतःच्या जोडणीकडे बघायचं त्यांनाही सुचेना. काटा बदलला, सेन्सर बदलला. शेवटी एका दुपारी म्हणाले, "पेंटर, बॅटरी धर. ती पट्टी सोडून बघू."

मी बॅटरीचा उजेड धरला. त्यांनी बोल्ट काढला, पट्टी बाजूला केली.

खालची जागा निळी होती.

मंडळी, तुम्ही सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागलात, आणि ते मला समजतं. या शेडमध्ये निळा रंग कोण वापरतो?

उड्डाणाच्या दिवशी सकाळी सातला मी एकटाच इथे आलो होतो. शेवटचा हात फिरवायला. सगळा सांगाडा कसा चकचकीत, आणि मधेच ती बटणाएवढी उघडी जागा. पट्टीच्या कडेने दिसत होती. माझ्या डोळ्यांत ती खुपली. रंगाच्या माणसाला उघडं लोखंड बघवत नाही हो. मी बोल्ट सोडला, दोन हात मारले, गरम वाऱ्याने वाळवलं आणि पट्टी होती तशी आवळून टाकली. वाटलं, काय सुंदर काम झालं! बोल्टच्या आट्यांतून विजेला थोडीफार वाट मिळत होती म्हणून इंजिन तरी चालू झालं. दोन पंप आणि दिवा यांचा भार आला तशी ती वाट पुरेना, आणि काटा खोटं बोलायला लागला. इंजिन थंडगार होतं. मास्तर, आपलं पहिलं नाकसुद्धा पुरेसं होतं. ते आजवर मोठं राहिलं त्याला मी जबाबदार आहे.

काकांनी ती निळी जागा पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी उजेड धरून उभा. त्यांनी खिशातून पॉलिश कागद काढला, तीन वेळा घासला, आणि जागा लख्ख झाली. तेवढ्यात तुम्ही सगळे आलात. काका म्हणाले, "सापडलं. जोडणी नीट बसली नव्हती. चूक माझी."

आणि मी गप्प राहिलो.

हीसुद्धा तिथे होती. ती म्हणाली, "काका, तुमच्या भरवशावर मी वर गेले होते." काका म्हणाले, "हो बाई." एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, विमानाच्या दारावर बांधणाऱ्यांची नावं आहेत, त्यातलं माझं काढ. ते काम कोणाकडे येणार? पेंटरकडेच. त्याच निळ्या डब्यातून मी काकांचं नाव पुसलं. पुढे बाहेरून वायरमन आला, विमान दुरुस्त झालं, उडायला लागलं. काका दोन वर्षं कोपऱ्यात बॅटऱ्या चार्ज करत बसले आणि तुम्ही म्हणत राहिलात, काकांचं आता वय झालं.

एकदाच मी त्यांना विचारलं, "काका, का?" ते म्हणाले, "माझी चूक असली तर एक म्हातारा घरी बसेल. तुझी असली तर तिने रोज ज्याच्यासमोर बसून जेवायचं, त्याच्याकडे कसं बघायचं?" मी म्हणालो, मी सांगतो तिला. काका म्हणाले, "सांग की." रोज उद्या सांगू म्हणत आजचा दिवस आला. मला लाज वाटते काका. फार लाज वाटते.

तर आज सकाळी सातला मी पुन्हा एकटा आलो. ती पट्टी सोडली. जागा खरवडून लख्ख केली, आणि निळा डबा आज घरीच ठेवून आलो. पट्टी लोंबते आहे, कोणी घाईने स्टार्टर दाबू नका. दारावर काकांचं नाव पांढऱ्या रंगात पुन्हा लिहिलं आहे, सगळ्यांच्या वर. ते अजून पुरतं वाळलेलं नाही, हात लावू नका. काका, हा तुमचा तेरा नंबरचा पाना. एवढा एक बोल्ट तुम्ही आवळून जा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. मग विमानात बसायचं की नाही, ते ज्यांना बसायचं आहे त्या ठरवतील...

अहो, तुम्ही कुठे उठलात? भाषण संपायचं आहे.

दाराकडे नाही, इकडेच येते आहे. मंडळी, हिने माझ्या हातातून पाना काढून घेतला आणि काकांपाशी जाऊन त्यांच्या हातात दिला. मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगतो. ती म्हणाली, "चला काका, बसला अजून पाऊण तास आहे. तुम्ही आवळा, मी एक चक्कर मारून येते." मला काही म्हणाली नाही. मला घरी म्हणेल, आणि ते दोन वर्षांचं असेल.

मास्तर, आपण घंटी वाजवलीत ते बरं केलंत. खुर्च्या देणाऱ्यांचे, चहा करणाऱ्यांचे, काका आम्हाला इतकी वर्षं उसने दिल्याबद्दल त्यांच्या लेकीचे, आणि एवढं ऐकूनही जागेवर बसून राहिल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आज बोलताना माझं काही कमीजास्त झालं असेल तर ते सोडून द्या. दोन वर्षं बोललो नाही, त्याची काका, मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो.

चला, बाहेर चला सगळे. बॅटरीचा उजेड मीच धरणार आहे.