छापलेल्या पाकळीचा कौल

मागचे जरा पुढे सरका. पुढे जागा आहे, आणि पुढे बसलं की बुवा काही कापून घेत नाही. हां, असं. पेटीवाले, सूर धरून ठेवा, पण जरा हळू. आज मला मंडळींना एक प्रश्न विचारायचाय आणि तो पेटीत बुडायला नको.

प्रश्न साधा आहे. तुम्ही देवाला विचारता ना? पोराला नोकरी लागेल का, जमिनीचं काम होईल का, गुडघा बरा होईल का? विचारता. विचारायलाच हवं, आपला माणूस म्हणून विचारतो आपण. पण मला सांगा, देवाने उत्तर दिलं तर ते ऐकायची तुमची तयारी असते का? की प्रश्न विचारण्यातच आपलं सगळं भागतं?

नका बोलू. इतक्यात नका बोलू. आधी विश्राम राऊळांची गोष्ट ऐका.

आता, इथे परगावची मंडळीही बसलीयत, म्हणून कौल म्हणजे काय ते सांगतो. आमच्या तळकोकणात गावाच्या देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजव्या अंगाला, एक डाव्या अंगाला. मग गाऱ्हाणं घालतो, प्रश्न सांगतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळी पडेपर्यंत सगळे श्वास धरून उभे. देव बोलतो तो असा!

तर वेळशी गावात विश्राम राऊळ. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. आवाज असा की घरात चहा मागितला तर शेजारी उठून आधण ठेवायचा. बायको सत्यभामा, शांत बाई. आणि एकुलती एक मुलगी वैजयंती. घरात वैजू.

या वैजूला एक नाद. समुद्रावर गेली की शंख-शिंपले, लाटांनी घासलेल्या लाकडाच्या ढलप्या, रानात गेली की बिया, साली, जाळी झालेली पानं, सगळं ओच्यात भरून आणायची. पडवीत वाळत घालायची आणि फळीवर मांडून चित्रं करायची. कसली चित्रं? अहो, तेच तर! गणपती नाही, मोर नाही, डोंगरामागून उगवणारा सूर्य नाही. नुसते गोल, रेषा, ठिपके. शहरात त्याला अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणतात. एक म्हणतो चंद्र आहे, दुसरा म्हणतो विहीर आहे, तिसरा म्हणतो माझ्या बायकोचा राग आहे. तिघांचंही बरोबर!

एके दिवशी वैजूला बघायला पाहुणे आले. मुलाचे मामा रुबाबात पडवीत शिरले, नव्या चपला, इस्त्रीचं धोतर. आणि पडवीत काय वाळत होतं? उंडीच्या गोल गोल बिया. मामांचा पाय पडला बियांवर, आणि मामा थेट पडवीतून माजघरात पोचले. बसूनच! आमंत्रण नसताना इतक्या आत कुणी पाहुणा आला नव्हता.

हसताय. त्या दिवशी कुणी हसलं नाही. पाहुणे गेले. विश्राम राऊळांनी सगळं गोळा केलं, बिया, साली, वैजूने महिना महिना खपून केलेल्या फळ्या, आणि नेऊन न्हाणीच्या चुलीत घातलं. त्यावर पाणी तापवलं आणि त्या पाण्याने आंघोळ केली. वैजू बघत उभी होती.

"माझी चित्रां होती ती, बाबा."

"कचरो होतो तो! आणि कचरोच करूचो असात तर ह्या उंबऱ्यार परत पाय ठेवू नको."

मंडळी, रागात माणूस काय बोलतो ते त्याचं त्यालाच नंतर ऐकू येतं. वैजू कोल्हापूरला गेली ती गेली. यांनी फोन केला नाही, तिने केला नाही. दोघंही राऊळ!

वर्ष गेलं. आता राऊळांच्या मनात काय होतं? अहो, बाप होता तो. मोतीचूर आणला की वैजूच्या वाटणीचा एक लाडू डब्यात राहायचा आणि तिथेच कडक व्हायचा. शेवटी एक दिवस उठले, देवळात गेले. लेकीबद्दल गुरवाला म्हणाले, "चेडवाक घराक बोलवू काय, ता देवाक इचार."

गुरवाने पाकळ्या भिजवल्या. मग हात थांबवून म्हणाला, "इचारतंय, राऊळांनू. पण पडात ता मानूक व्हया. उजवी पडली तर आजच्या आज बोलवूचा. डावी पडली तर परत इषय काढूचो नाय."

राऊळांनी उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. उजवी पडली तर ताठा मोडायचा. डावी पडली तर मुलगी कायमची गेली!

"आज नको," म्हणाले. "आज माका जरा घाई असा."

निवृत्त माणसाला घाई!

आणि पुढच्याच महिन्यात पनवेलचा पुतण्या घरी आला आणि भेट म्हणून एक फ्रेम घेऊन आला. हल्ली दिवाणखान्यात लावायला छापील चित्रं मिळतात ना, त्यातलंच. काळ्या फळीवर नदीतले चपटे दगड गोलाकार मांडलेले, आणि त्यावर चाफ्याच्या दोन सुकलेल्या पाकळ्या. एक उजव्या अंगाला, एक डाव्या अंगाला.

शहरात कुणी त्यात फुलपाखरू बघितलं असतं. पण आमच्या राऊळांनी बघितलं आणि पायातल्या चपला काढल्या. "कौल!" म्हणाले. "देव घराक इलो!"

चित्र भिंतीवर लागलं. रोज सकाळी आंघोळ करून राऊळ त्याच्यासमोर उभे. आवाज बारीक करून, म्हणजे आपला साधा आवाज असतो तेवढा, "देवा, वैजूक बोलवू काय? व्हय तर उजवी पाड, नाय तर डावी."

पाकळी पडेना.

दुसऱ्या दिवशी परत. पडेना. पावसाळा गेला, थंडी आली. पडेना! पडेल कशी? छापलेली पाकळी! सत्यभामाबाई फडकं घेऊन यायच्या, म्हणायच्या, "बाजूक सरा, चित्र पुसूचा असा." आणि काच पुसायच्या. राऊळ धास्तावून बघत, पुसताना पडली तर ती धरायची की नाही?

एकदा दाढ दुखली म्हणून कुडाळला दातांच्या डॉक्टरकडे गेले. खुर्चीत बसले, तोंड उघडलं, समोर भिंत. आणि भिंतीवर तेच चित्र! तेच दगड, त्याच पाकळ्या. डॉक्टरचा हात तोंडात, आणि राऊळ म्हणतायत, "एऊक ओअऊ आय?" डॉक्टरला वाटलं फार दुखतंय, त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं.

तुम्ही म्हणाल, बुवा, राऊळ काय इतका भोळा होता? आयुष्यभर तिकिटं फाडली त्या माणसाने, त्याला छापलेलं कळत नव्हतं? कळत होतं, मंडळी! चांगलं कळत होतं. म्हणूनच तर त्याला विचारत होता. देवळातली पाकळी पडते, ही पडत नाही. विचारल्याचं समाधान आणि उत्तराचं भय नाही. याच्याइतका सोयीचा देव दुसरा कुठला?

तबलजी, मान हलवू नका, तुमच्याकडेही येणार आहे मी.

तर एका सकाळी राऊळ असेच उभे. डोळे मिटलेले, हात जोडलेले. "देवा, वैजूक बोलवू काय?"

मागून आवाज आला, "बाबा, मी इलंय."

राऊळांनी डोळे उघडले. मागे नाही बघितलं! आधी चित्राकडे बघितलं. म्हणाले, "पण पाकळी पडूक नाय अजून."

उंबऱ्याबाहेर वैजू उभी. हातात पिशवी. आत पाऊल टाकलेलं नाही, कारण शब्द तसा होता. म्हणाली, "पडात कशी? ती छापलेली असा. खरी माझ्या घराक असा. ता चित्र माझाच, बाबा."

राऊळ खुर्चीवर बसले. ज्या हाताने चुलीत घातलं त्याच हाताने रोज नमस्कार केला, तो कुणाच्या चित्राला? सत्यभामाबाई दारात उभ्या. पुतण्याला सांगून चित्र त्यांनीच मागवलं होतं, आणि नवरा रोज काय पुटपुटतो ते फोनवर लेकीला त्यांनीच सांगितलं होतं. शांत बाई, म्हटलं नव्हतं मी?

मग राऊळांनी विचारलं, "तुझ्याकडची... ती खरी... पडली?"

"पडली. मी पण तोच कौल लावलेलंय. घराक जाव काय म्हणान."

"खंयची पडली?"

"डावी."

मंडळी, डावी म्हणजे नाही. राऊळांचा आवाज, तो एसटीतला आवाज, कुठे गेला कोण जाणे. "डावी पडली? तरी इलंस?"

"पावसात पाकळी चिकटवलेली खळ सुटली, बाबा. त्यात देवाचो काय दोष?" वैजू म्हणाली. "आई म्हणाली तुमी रोज इचारतास. ज्याका नको असता, तो रोज इचारीत नाय."

राऊळ उठले. उंबऱ्यापाशी गेले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "भितुर ये. माझा चुकला." ही दोन वाक्यं बोलायला त्यांना जवळजवळ दोन वर्षं लागली, आणि बोलून झाल्यावर भिंत पडली नाही, छप्पर पडलं नाही, काही म्हणजे काही झालं नाही. आणि ती पिशवी जड कशाने होती? वाटेत समुद्रावर उतरली होती ती. अर्धी पिशवी शिंपले! राऊळांनी ते स्वतःच्या हाताने पडवीत वाळत घातले. फक्त भिंतीच्या कडेने घातले, पाहुण्यांची वाट सोडून.

संध्याकाळी बापलेक देवळात गेले. गुरवाने राऊळांना बघितलं आणि पाकळ्या भिजवायला घेतल्या. "काय इचारू देवाक?"

राऊळांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "आज इचारूक नाय, सांगूक इलंय. चेडू घराक इला."

बघा, मंडळी. खऱ्या कौलाला माझा दंडवत. देव बोलतो, यात मला शंका नाही. पण जे आपल्याला ठाऊक आहे तेच त्याला रोज रोज काय विचारायचं? तुमच्याही घरात एक छापलेली पाकळी आहे. भावाशी बोलायचंय, पण 'बघू, तो आधी बोलतो का.' आईला भेटायचंय, पण 'बघू, सुट्टी मिळते का.' तबलजी, आलो बरं का तुमच्याकडे. सासऱ्यांशी बोलणं बंद आहे ना तुमचं? अख्ख्या गावाला ठाऊक आहे, देवाला नसेल का?

आता आरती होईल. आरतीला मोठ्याने टाळ्या वाजवा, आणि आज देवाकडे काही मागू नका, काही विचारू नका. प्रसाद घ्या, देवळाच्या पायरीवर बसा आणि ज्याला फोन करायचा राहिलाय त्याला करा. झाला की परत आत या आणि देवाला सांगा. तो वाट बघतोय, आणि देऊळ मी उघडं ठेवायला सांगितलंय.