साडूच्या बाजूच्या खिडक्या

नाही नाही, ते मधलं अंगण खोडा आधी. वसतिगृहाला मोकळी जागा कशाला हवीय मधे? — पोरांना एकत्र बसायला? बसतील की जिन्यात. आम्ही नाही बसलो जिन्यात? अहो इंजिनीअर बाई — आर्किटेक्ट, बरं, आर्किटेक्ट, माझी शाळा चौथीत सुटली, मला दोन्ही सारखेच — मी फोनवर काय सांगितलं होतं? सगळं घर पुढे ओढा. गल्लीला नाक लागलं पाहिजे त्याचं. आणि उंच करा. कायदा जेवढं देईल तेवढं, वर चार बोटं जास्तच. मागे जागा सोडा, बाजूला सोडा, पण पुढे बोटभर सोडायची नाही. का म्हणजे? त्या खिडकीतून बघा ना. बघा, लाजू नका. समोर पिवळं घर, वरचा मजला बंद, खालच्या गॅलरीत एक म्हातारा खुर्चीत पाय वर घेऊन बसलाय — दिसला? तो माझा साडू. त्याची बायको नि माझी बायको सख्ख्या बहिणी. दोघी गेल्या. उरलो आम्ही, एकमेकांची तोंडं बघायला — बघत नाही म्हणा. संध्याकाळचं ऊन त्याच्या गॅलरीत येतं ते आमच्या छपरावरून येतं. ते ऊन मला खायचंय. गिळायचंय. म्हणून उंच.

वेडा म्हणाल. म्हणा, मला काय. तुम्ही बसलाय ना, तिथेच हिची खाट होती. शेवटी शेवटी उठता यायचं नाही तिला. सकाळचं ऊन त्या बाजूनं यायचं, आधी पायांवर, पायांवरून पोटावर, आणि तोंडावर आलं की म्हणायची, झाली माझी आंघोळ. तेवढंच काय ते हसणं दिवसभरात. आणि ह्यानं काय केलं? मजला चढवला. पोराचं लग्न ठरलंय, सून येणार, जागा नको का! स्लॅब पडला तो दिवस आणि आजचा दिवस, ह्या खोलीत उन्हाचा कवडसा नाही. तुमच्या डोक्यावर भरदुपारी दिवा लावलाय मी, बघा. आणि लग्न? मोडलं. पोरगा शिकायला म्हणून परदेशात गेला तो तिकडचाच झाला. मजल्याला कुलूप. म्हणजे ना त्याला सून, ना आम्हाला ऊन! — हसू नका, हसायचं नाहीये.

हरकत? नाही घेतली. कशी घेणार? हिनंच हो म्हटलं होतं ना. बहीण येऊन बसली इथे, हात धरला, म्हणाली, बांधू का गं? ही म्हणते, बांध की, आपलंच पोर आहे. मला विचारलं नाही. मी तिथे दारात उभा, हातात औषधाची बाटली, मला विचारलं नाही. ऊन काय तिच्या एकटीचं होतं? मीपण तिच्या पायाशी बसून दाढी करायचो त्याच उन्हात. अगदी शेवटपर्यंत पाय गार पडायचे तिचे, मी चोळायचो, आणि ती म्हणायची, असू दे हो, ढग आले असतील. ढग! — जाऊ दे. ते सोडा. नकाशाचं बोला.

वसतिगृहात परदेशी पोरंच का, हेही ऐका. ही गेल्यावर एक जण आला होता खोली विचारायला. माझ्या पंक्चरच्या दुकानात यायचा, सायकल घेऊन. आपली भाषा ओ की ठो येत नव्हती, पण हवा भरून दिली तरी असा वाकायचा की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. मी म्हटलं, ये. ट्रंक घेऊन आलासुद्धा. तर हा साडू गल्ली गोळा करून उभा — परका माणूस नको, कुठला कोण, उद्या काय करील! गेलं पोरगं ट्रंक उचलून. वाकून गेलं, त्यातही. तेव्हाच ठरवलं, एक नको होता ना तुला? घे आता चोवीस. सामाईक स्वयंपाकघर त्याच्या नाकासमोर, दहा देशांच्या फोडण्या बसू देत. कपड्यांच्या दोऱ्या तिकडेच. वाजवणारा, गाणारा कोणी असेल तर पहिल्या मजल्यावर, बरोब्बर समोर. खिडक्या सगळ्या, सगळ्या त्याच्या बाजूला. मान वळवली की एक तोंड, पुन्हा वळवली की दुसरं. बसून दाखव म्हणावं गॅलरीत.

काय? — तुम्ही गेला होतात त्याच्याकडे? शेजाऱ्यांना दाखवावं लागतं? बरं केलंत. बरंच केलंत! आदळआपट केली असेल. चहाचा कप तरी फोडला का? ... हो म्हणाला? तो? नीट ऐकलंत ना? नकाशा उलटा धरला असेल त्यानं, त्याला डोळ्यांनी धड दिसत नाही — खिडक्या दाखवल्यात का? ... हसला? ... काय म्हणाला, पुन्हा सांगा. पोरगाही तिकडे अशाच घरात राहतो. हं. वरचा मजला उघडून देतो? पोरांना अभ्यासाला? आणि स्वयंपाकघर समोरच घ्या, म्हणजे कोणी दिसेल तरी. असं म्हणाला. दिसेल तरी.

म्हणजे मी माझं घर पाडून त्याची करमणूक बांधतोय! पोरं हात हलवणार, हा हात हलवणार, बशीतलं इकडून तिकडे जाणार — तेव्हा ट्रंक उचलायला लावलीस, आणि आता तुला माणसं हवीत? फुकट? बुजवून टाका त्या खिडक्या! सगळ्या! आंधळी भिंत बांधा तिकडे, वीतभर भोक नको. तोंडं नव्या घरातल्या माझ्या खोलीकडे वळवा सगळी. — माझ्याकडे म्हणजे, देखरेखीला हो. मला कसली हौस? एवढी पोरं सोडायची, कोणी लक्ष नको ठेवायला?

बोला ना. मान का हलवताय? ... अंधार होईल? कुठल्या खोल्यांत? ... ऊन त्याच बाजूनं येतं, ते मला सांगता होय. वरच्या मजल्यांना मिळतंय, त्याच्या डोक्यावरून मिळतंय, कळलं. मग भिंत बांधली की — हं. दिवसा दिवा लावून बसायचं. कोणाची तरी लेक. हजारो कोस लांबून आलेली. ताप आला, पडून राहिली, तर —

थांबा जरा.

ठेवा. खिडक्या ठेवा. आहेत तशा. आणि पुढे हातभर जागा सोडा, उंचीचं मी नंतर बघतो. पण त्याला सांगायचं नाही! उलट आता जाताना त्याच्याकडे डोकवा आणि तोंड पाडून सांगा, म्हातारा ऐकत नाही, तुमच्या बाजूला आंधळी भिंत घालतोय, कोणी दिसायचं नाही तुम्हाला. बांधून होईस्तोवर तळमळू दे त्या खुर्चीत. रोज विटा मोजू दे. — खोटं बोलवत नाही? एवढं शिकलात आणि एवढं येत नाही? मग काहीच सांगू नका, मान हलवा नुसती, मी सांगेन गल्लीभर.

हात हलवतोय तुम्हाला. बघू नका तिकडे! बघू नका म्हटलं ना — उठा. चला, निघा.