वढून घेणारं मिशन

मी मूळची आजऱ्याकडची. बाप माझा रानात झाडं तोडायचा आन आम्ही भावंडं फांद्या साळायचो, म्हंजे कोयत्यानं बारकी बेचकी काढून फांदी सरळ करायची, तर कोयता माझ्या हातात तवापास्नं हाय, लाटणं नंतर आलं. लगीन करून मंगळवार पेठेत आलो, हीच ही खोली, तवा हेच म्हाराज नवं नवं गादीवर आलतं. आमच्याकडं बायकाबी मी आलो, मी गेलो असंच म्हणत्यात, तुम्हाला पुण्याच्या माणसाला हसू येईल, हसा खुशाल, पर लिवताना बदलू नगासा.

घरात आम्ही चौघं. मालक, म्हंजे माझा नवरा, नाव मी घेत न्हाय, त्यांची आई, तिला मी आत्याबाई म्हणतो, मी, आन आमचा बाळू. बाळू जन्मला तवा एवढासा, दूध वढायची ताकद न्हवती, सुईणीनं तोंड फिरवलं. तर आत्याबाईंनी गल्लीतल्या पिराला नवस बोलला, की पोरगं पाच वर्साचं हुस्तवर त्याचा बाप दर मोहरमात फकीर हुईल. आम्ही मराठं, पर मोहरमात निम्मी पेठ फकीर व्हायची, त्यात काय नवं न्हाय. फकीर म्हंजे अनवाणी फिरायचं, घरं मागून खायचं आन मनगटात लाल-हिरवा नाडा बांधायचा, तो पंजे, म्हंजे पिराची निशाणं, नदीला जाऊस्तवर सोडायचा न्हाय. आन पोरगं जगलं की हो. मग आत्याबाईंच्या डोस्क्यात पक्कं बसलं, बाळू जितोय ते त्या नाड्यावर. मलाबी तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता मिशनचं, म्हंजे त्या फांद्या तोडायच्या यंत्राचं सांगतो, तुम्ही त्याच्यासाठीच आलाईसा. एक साल पावसानं दडी मारली. कुरुंदवाडच्या वाटंला एका इनामदाराचा मळा होता, गोठा मोठा, कडबा संपला. मग वडाच्या, उंबराच्या फांद्या पाडून जनावरांना घालायचं ठरलं, पर नुसती फांदी टाकली तर जनावर पाला खातं आन लाकूड तुडवतं, तिचं बारीक तुकडं कराय पायजेत. कोयत्यानं किती करणार. म्हणून आगगाडीनं दोन मिशनं मागवली, दोन्ही मळ्यात उभी केली, ठेवायचं त्यातलं एक. आम्ही नवराबायको तिथं कामाला, आन पेठेतला इमामचाचा लोहार पात्यांना धार लावायला.

एक मिशन लहान होतं, हातानं चाक फिरवायचं, फांदी आपण ढकलू तेवढीच आत जाणार. दुसरं मोठं, बैलांवर चालायचं. बैलं गोल फिरली की मोठं चाक फिरायचं, चाकाला दोन वाकडी पाती, आन तोंडात दोन दातेरी लाटा, म्हंजे लोखंडी रूळ, वर एक खाली एक. त्या लाटांच्या दातात फांदीचं टोक दिलं की ती आपली आपण आत जायची, मनगटाएवढी फांदीसुदा, कडाकड कडाकड, बघूस्तवर पलीकडं ढीग. इनामदार खूश. चाचांनी दोन्ही मिशनांभवती फिरून बघितलं, बोट लावून बघितलं आन म्हणालं, सरकार, ल्हानगं घ्या. जे ढकलल्याबिगर खात न्हाय ते बरं. हे वढून घेतंय. इनामदार म्हणाला, अरे वढून घेतंय म्हणून तर घ्यायचं. चाचा पात्यांना धार लावाय बसलं. मी तिथंच फांद्या साळत बसलोतो, ते वढून घेतंय म्हटल्यालं माझ्या कानात बसलं, त्या दिवसापास्नं मिशन चालू असलं की मला कडाकड सोडून दुसरं कायबी ऐकू यायचं न्हाय.

फांद्या लावायचं काम मालकांच्याकडं. चाचांनी त्यांना शिकवलं, बुडखा आधी, शेंडा मागनं, तोंडाम्होरं उभं ऱ्हायचं न्हाय, बाजूला ऱ्हायचं, आन लाटांनी फांदी धरली की आपण लगीच सोडायची, धरून बसायचं न्हाय. सैल काय अंगावर नगं. मालक आंगरखा काढून ठेवायचं. मी लुगड्याचा पदर गच्च खोचायचो. आन माझं काम एवढंच, की बेचकं असलेली फांदी त्यांच्या हातात जाता कामा नये, बेचकं आडवं होतंय, हिसडा मारतंय. मी एकबी बेचकं जाऊ द्यायचो न्हाय, एवढी डोळ्यात तेल घालून बसायचो.

तशात मोहरम आला. आत्याबाईंनी मालकांच्या मनगटात नाडा बांधला, गाठीवर गाठ मारली, आन शेवटं लोंबती ठेवली, तशीच रीत हाय. सकाळी कामावर गेलो तर चाचांनी पहिला नाडाच बघितला. म्हणालं, पोरा, हा काढून घरात ठेव, न्हायतर दंडावर सरकव, पीर काय गैर मानत न्हाय, मी मुसलमान सांगतोय तुला. मालकांनी सरकवून बघितला, सरकतोय कुठं, आत्याबाईंच्या गाठी त्या. सांजच्याला घरात त्यांनी आईम्होरं गोष्ट काढली. आत्याबाई म्हणाल्या, सोड की. सोड आन बाळूला उचलून माझ्या मांडीवर आणून ठेव, म्हंजे तूच बघ काय होतंय ते. बाळू तिथंच जोंधळ्याच्या धाटांची बैलं करून खेळत होता. मालकांनी नाडा सोडला न्हाय. म्हणालं, मी जपून करतो. मी म्हटलं, लाटा जपत्यात व्हय. तर माझ्यावर डाफरलं, आन ताट वढून जेवाय बसलं.

मोहरमाचं दिवस सरत आलतं. दुसऱ्या दिशी पंजे नदीला जाणार, म्हणून मी जरा निर्धास्त झालोतो. उंबराची फांदी होती, वली, मी साळून दिली, बेचकं न्हवतं तिला, देवाशपथ न्हवतं. एक मोडकी काटकी तेवढी ऱ्हायलेली, करंगळीएवढी. मालकांनी बुडखा लाटंत दिला, हात मागं घेतला, आन हात मागं आलाच न्हाय. नाड्याचं शेवट त्या काटकीत गुतलं. फांदी आत, नाडा आत, हात त्याच्यामागं. मालक वरडलं न्हाईत. तेच मला अजून आठवतंय, पाय रोवून मागं वढत होतं, आन पाय मातीतनं म्होरं सरकत होतं. चाचा वरडलं बैलं थांबवा, पर बैल थांबतंय म्हंजे काय, दोन पावलं टाकूनच थांबतंय, आन चाक त्याच्यानंतरबी फिरतंय. माझ्या हातात कोयता होता. मला काय दिसलं सांगू, मला हात दिसला, आन हातावरचा नाडा दिसला, आन बाळू दिसला. तिन्ही दिसलं. मी इचार केला न्हाय असं लोक म्हणत्यात, ते खोटं हाय. इचार केला आन कोयता मारला.

नाडा तुटला. मनगटाला जखम झाली, हाड वाचलं, बोटं पाचीच्या पाची. नाडा लाटंत गेला, त्याचं तुकडं पाल्यात मिसळलं, जनावरांनी खाल्लं. हुडकायचा म्हटलं तरी उरला न्हाय.

पिराच्या मुजावरानं दुसरा नाडा बांधला, म्हणाला पिराला सगळं पोचलं, काय मनात आणू नगा. आत्याबाईंनी मान हलवली, पर त्या दिवसापास्नं त्या बाळूकडं बघायला लागल्या. शिंकला तरी बघायच्या. ताटात घास ठेवला तरी बघायच्या. मग मीबी बघायला लागलो. घरात कोण मोठ्यानं बोलायचं न्हाय, पोरगं बिचारं म्हणायचं, आई काय झालंय. काय सांगू तुम्हाला, पाऊस उशिरा आला, पेठेत तापाची साथ आली, गल्लीत किती घरातली पोरं गेली. त्यात आमचा बाळू गेला. मालकांनी खड्डा दुसऱ्या कुणाला खणू दिला न्हाय. दोन्ही हातांनी माती वढली. आत्याबाई तिथं सगळ्या माणसांत म्हणाल्या, हिनं तोडला.

चाचा म्हणायचं, साथ होती पोरी, बाकीच्या घरात कुठं नाडं तुटलंतं. मला ते पटतंय. दिवसाउजेडी पटतंय.

पुढं दोन पोरी झाल्या, देवाच्या दयेनं नांदत्यात. मिशन अजून चालतंय, मालक तिथंच जात्यात, पर फांद्या आता दुसरा लावतो. आत्याबाई म्हाताऱ्या झाल्या, कमी दिसतंय. माझ्या हातनं त्या काय घेत न्हाईत, तवापास्नं न्हाय. एवढ्या वर्सात मालकांनी एकदाच इचारलं, गेल्या उन्हाळ्यात, जेवता जेवता. म्हणालं, तवा तुला ठावं न्हवतं, आता ठावं हाय. आता तसंच झालं तर? मी भाकरी थापत होतो, हात थांबवला न्हाय. म्हटलं, मारीन कोयता. आत्याबाई चुलीपलीकडं बसल्यात ह्याचं मला भान ऱ्हायलं न्हाय. त्या म्हणाल्या, मीबी मारला असता, माझ्या पोटचं हाय ते. म्हणून तर तुझं तोंड बघवत न्हाय मला.

बास, एवढंच हाय. आता बसा, दोन घास खाऊन जावा पावणं, देव तुमच्या लेकरांना बरं ठेवो. मी आत्याबाईंचं ताट वाढतो आन मालक ते त्यांच्या म्होरं सरकवत्यात, मग त्या जेवत्यात.