दोन नारळी पुनवा

गोदू : आत या, खलीलभाय. दारात नका उभे राहू. दिघीच्या बंदरावर मला जे बोललात, तेच आता माझ्या सासूपुढं बोला. एक शब्द कमी करू नका.

खलील : गोदूबाय, माझा मचवा भरून उभा हाय. भरती चुकली तर मुंबई दोन दिस लांब पडेल.

गोदू : भरतीला अजून घटकाभर हाय. मी कोळ्याची पोर. मला भरती नका शिकवू.

आवडाबाई : कोण आलंय गो? मला आता माणूस दिसत न्हाय, सावलीच दिसते निसती.

खलील : सलाम, मावशी. मी खलील, मचव्यावाला.

आवडाबाई : खलील... बस रे बाबा. गोदू, पानी दे त्याला.

गोदू : पानी मागाहून देते. बोला तुम्ही.

खलील : चूक माझीच झाली, मावशी. खुदा कसम, मला वाटलं हिला सगळं ठाऊक हाय. आज ही सुकट घेऊन बंदरावर बसली व्हती. मी आपलं सरळ विचारलं, की अनंताला पुरला तिथली वाळू सरकतेय, औंदाच्या उधाणात हाडं उघडी पडतील, तर वर केवड्याच्या बनात हलवू काय? तर हिच्या हातातली टोपलीच पडली.

गोदू : कधी पुरला, ते सांगा.

खलील : होडी बुडाली त्या कार्तिकातच. दिवेआगरच्या अंगाला वाळूत लागला व्हता. तोंडावरनं ओळखायची सोय नव्हती, बाय. कोण कुठला ठाऊक न्हाय, पन उघड्यावर कसा टाकायचा? मी आन माझ्या मचव्यावरच्या मकसूदनं खड्डा काढला, वर दोन दगड ठेवले, आमच्या परीनं दुवा मागितली. कमरेचा चांदीचा करगोटा तेवढा काढून घेतला, कुणीतरी ओळखील म्हणून. मग मी निघालो मलबारला. शिमग्याला परत आलो तवा कळलं, ह्या वाड्यातला अनंता आला न्हाय.

गोदू : आन करगोटा कुणाच्या हातात दिलात?

खलील : मावशीच्या. ह्याच ओटीवर. तू बाजाराला गेली व्हतीस.

गोदू : मला का न्हाय दिलात?

खलील : जवान बाईच्या हातात तिच्या मेलेल्या घोवाचा करगोटा मी परका मानूस कसा ठेवू? आईच्या हातात दिला. म्हटलं, आई सांगेल.

गोदू : मग दोन वर्षं मला बंदरावर बघत व्हतात. डाव्या हातात चुडा, कपाळाला कुंकू. कधी विचारावंसं वाटलं न्हाय?

खलील : वाटलं ना! पन तुम्हां कोळ्यांची रीत निराळी. लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या तुम्ही दर्याला देता. मला वाटलं, दर्यात गेलेल्याच्या बायकोनं डावा चुडा ठेवायचा, अशीच असेल रीत. दुसऱ्याच्या रीतीत आपन कशाला बोलायचं?

गोदू : अशी रीत न्हाय, खलीलभाय.

खलील : आता समजलं. मावशी, तुमी काय तरी बोला. मी खोटा पडतोय.

आवडाबाई : तू खोटा न्हाईस, बाबा. तू दिलास. मी घेतला. जा तू, भरती गाठ.

खलील : हाडांचं काय करू, गोदूबाय?

गोदू : वर हलवा. आमच्यातली दोन मानसं पाठवते. आग देतील.

(खलील ओटी उतरून निघून जातो.)

आवडाबाई : गेला?

गोदू : गेला. करगोटा कुठं हाय?

आवडाबाई : माझ्या कमरेला. लुगड्याच्या आत, दोऱ्यानं बांधलाय.

गोदू : दोन वर्षं?

आवडाबाई : झोपले तरी काढला न्हाय.

गोदू : आन मला म्हनायचात, होडीवरनं वाचलेल्या सदू आन अंबाजीनं त्याला वल्हं धरून तरंगताना बघितलंय. कुठल्या गलबतानं उचलला असंल, अरबस्तानात नेला असंल, पैसा साठवून येईल! दोन नारळी पुनवा माझ्या हातानं दर्यात नारळ सोडवलात. 'माझा धनी सुखरूप आण' असं माझ्याकडनं मोठ्यानं म्हनवून घेतलंत. मागं उभ्या राहून तुम्ही काय म्हनत व्हतात मनात?

आवडाबाई : काय म्हनणार? नारळ बुडेपर्यंत बघत ऱ्हायचे.

गोदू : तुम्हाला दिसत तरी व्हतं काय?

आवडाबाई : पयल्या पुनवेला दिसत व्हतं.

गोदू : का केलंत असं? तुमचं पोटचं पोर गेलं, ते मला समजतं. पन मला का कोंडून ठेवलंत?

आवडाबाई : तू हसलीस म्हनून.

गोदू : काय?

आवडाबाई : खलील यायच्या चार दिस आधी. तू आगरदांड्याच्या तरीवर, खाडी वलांडताना, हसलीस. तरीवाला शिवदास काय तरी बोलला आन तू हसलीस. मला येऊन सांगितलं बायकांनी. अनंता गेल्यापास्नं तू घरात दात दाखवला नव्हतास. मी त्याच रातीला समजले, ही जायची. मग खलील आला, हातात करगोटा ठेवला. हा दाखवला असता तर तुझा चुडा फुटला असता, आन वरसाच्या आत तू शिवदासाशी पाट लावून पलीकडं गेली असतीस.

गोदू : व्हय. गेले असते.

आवडाबाई : बघ. माझ्या डोळ्यांत तवाच फूल पडाया लागलं व्हतं. चुलीतला विस्तव अंधुक दिसाया लागला व्हता. मला कुणी रांधून घातलं असतं? मला कुणी परसाकडं नेलं असतं?

गोदू : विचारलं असतंत तर मी नेलं असतं. शिवदास एकटाच व्हता. त्यानं मला सांगितलं व्हतं, म्हातारीला बी घेऊन ये, तरीच्या बाजूला छप्पर घालू तिला.

आवडाबाई : असं म्हनाला?

गोदू : म्हनाला. दोन वर्षांत तीनदा विचारलं त्यानं. मी तीनदा सांगितलं, माझा घोव जिता असंल तर? सासू रोज वाट बघते, तिच्या तोंडावर मी पाट कसा लावू? तिचं काळीज फाटेल. तुमच्या काळजासाठी न्हाय म्हटलं मी, आत्याबाई. तुमच्यासाठी!

आवडाबाई : आता सांग त्याला. मी पंचांपुढं येते. करगोटा ठेवते. सगळं कबूल करते. वाळीत टाकू देत मला.

गोदू : मागच्या म्हयन्यात त्यानं पाट लावला. श्रीवर्धनची हाय ती. तिला पयल्या घोवाचं एक पोर बी हाय. आज तरीवर दोघं व्हती. त्यानं मला हात देऊन उतरवलं आन तिच्या पोराला उचलून घेतलं.

आवडाबाई : गोदू...

गोदू : हात नका लावू मला.

आवडाबाई : न्हाय लावत.

गोदू : मी सव्वीस वर्षांची हाय. सगळ्या वाड्यानं मला सती-सावित्री केलंय. पोरींना माझं नाव सांगतात. आन मी काय केलं? मेलेल्या मानसाची भाकरी दोन वर्षं झाकून ठेवली.

आवडाबाई : मला शिव्या दे. मार. पन अशी हळू बोलू नकोस.

गोदू : मारून काय व्हतंय? उद्या माणसं पाठवते, आग देतील. बायका येऊन चुडा फोडतील. दहा दिस मी सगळं करीन. अकराव्याला आईकडं जाईन.

आवडाबाई : आन मी?

गोदू : दोन वर्षं मी 'आन मी' म्हटलं न्हाय. मला नका विचारू.

आवडाबाई : बरं. न्हाय विचारत.

गोदू : करगोटा काढा. त्याच्याबरोबर जाळायला द्यायचाय.

आवडाबाई : गाठ सुटत न्हाय. माझी बोटं... तू सोड.

गोदू : सरका अशा. उजेडाकडं. केवढी घट्ट मारलीय! कातडीला वळ पडलेत.

आवडाबाई : गोदू, एक विचारू?

गोदू : विचारा.

आवडाबाई : दोन वर्षं मी त्याला रडले न्हाय. एकदा बी न्हाय. खलील गेला तवा तोंडात पदर कोंबून बसले. तू बाजाराला गेलीस तरी रडले न्हाय, शेजारणी ऐकतील, तुला सांगतील. माझा एकुलता एक व्हता गो तो... सुटली गाठ?

गोदू : सुटली.

आवडाबाई : मग आता रडू?

गोदू : रडा, आत्याबाई. गावाला ऐकू जाऊ दे.